दोन मिली पाण्याचा 'नो ग्रोथ' : पोटातल्या पाण्याच्या कल्चरचं एक प्रकरण

पेशंट पन्नाशीच्या आसपासचा, शेती करणारा. लिव्हर सिऱ्हॉसिस (लिव्हर घट्ट होऊन निकामी होत जाणं) आधीच माहीत होता, पोटात पाणी बऱ्याच महिन्यांपासून होतं आणि गोळ्यांवर ते कमीजास्त व्हायचं. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदललेत, त्याने केसमध्ये काही फरक पडत नाही. रात्री अकराच्या सुमाराला कॅज्युअल्टीत आणलं तेव्हा अंगात ताप, पोट टम्म फुगलेलं, दुखतंय म्हणत होता पण दाबल्यावर फार कळवळत नव्हता, आणि बायको सांगत होती की "दुपारपासून काहीही बोलतायत डॉक्टर, मला ओळखतात पण नाव भलतंच घेतात".

सिऱ्हॉसिस, पोटात पाणी, ताप आणि भ्रम हे सगळं एकत्र आलं की पहिली शंका एसबीपीची, म्हणजे स्पॉन्टेनिअस बॅक्टेरियल पेरिटोनायटिसची. आतडं कुठे फुटलेलं नसतं, पोटात गळू नसतं, तरी त्या साठलेल्या पाण्यात जंतू उतरतात. बहुतेक वेळा आतड्यातलेच असतात, ई. कोलाय, क्लेबसिएला, कधी स्ट्रेप्टोकोकस. ड्युटीवरच्या रेसिडेंटला ही शंका आली होती आणि केसपेपरवर त्याने तसं लिहिलंही होतं, हे मुद्दाम सांगते कारण पुढे जे झालं त्यात निदान सुचलं नाही असा भाग कुठेच नाहीये.

झालं असं की रक्त गोठण्याचे आकडे, आयएनआर १.९ आणि प्लेटलेट ७० हजार, बघून टॅप करावा, म्हणजे सुईने पोटातलं पाणी काढावं, की नको यात थोडा वेळ गेला. (डायग्नोस्टिक टॅपसाठी एवढ्यावर प्लाझ्मा वगैरे द्यायची गरज नसते, सिऱ्हॉसिसच्या पेशंटमध्ये हे आकडे असेच असतात आणि बारीक सुईने रक्तस्राव क्वचितच होतो, त्यामुळे ॲडमिशननंतर जेवढ्या लवकर होईल तेवढ्या लवकर टॅप केलेला बरा.) तोवर सेफ्ट्रिॲक्सोन या अँटिबायोटिकचा पहिला डोस गेला. मग टॅप झाला, सिरिंजमध्ये जेमतेम दोन मिली आलं, ते एका लाल बुचाच्या प्लेन बल्बमध्ये, म्हणजे गोठू न देणारं औषध नसलेल्या सॅम्पलच्या नळीत, सोडलं, बल्बला चिकटपट्टी लावून त्यावर पेनने नाव लिहिलं आणि 'फ्लुइड रुटीन, कल्चर' (कल्चर म्हणजे पाण्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं) असा फॉर्म भरून बल्ब वॉर्डच्या फ्रिजमध्ये, सकाळी वॉर्डबॉय मामा आले की लॅबला जाईल म्हणून.

सकाळी तो एक बल्ब आधी बायोकेमिस्ट्रीत गेला, तिथे प्रोटीन आणि अल्ब्युमिनसाठी थोडं घेतलं. मग सेल काउंट. मग सायटोलॉजी. आमच्याकडे मायक्रोबायॉलॉजीत पोचला तेव्हा दुपार होत आली होती, बल्बमध्ये अर्धा मिली असेल नसेल आणि तळाला जेलीसारखी पांढुरकी गाठ. सेल काउंटच्या रिपोर्टवर आलं घन मिलिमीटरला १८० पेशी आणि खाली रिमार्क, 'सॅम्पल क्लॉटेड'. आम्ही उरलेलं ब्लड अगर, चॉकलेट अगर आणि मॅककॉन्की या जंतू वाढवायच्या प्लेटवर लावलं, थोडं ब्रॉथमध्ये (जंतूंच्या पातळ खाद्यात) टाकलं, ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे रंग देऊन मायक्रोस्कोपखाली, काही दिसलं नाही, ४८ तासांनी 'नो ग्रोथ'. रिपोर्टखाली 'अपुरा नमुना, प्लेन बल्बमध्ये उशिरा मिळाला' अशी ओळ टाकली होती. ती ओळ वॉर्डात कोणी वाचली नाही, किंवा वाचली पण 'नो ग्रोथ' हे दोन शब्द जास्त मोठे दिसले.

वॉर्डात अर्थ असा लागला की १८० म्हणजे इन्फेक्शन धरायच्या २५० च्या खाली, कल्चर निगेटिव्ह, म्हणजे पोटात इन्फेक्शन नाही. भ्रमासाठी लॅक्टुलोज चालू, सेफ्ट्रिॲक्सोन 'चालू राहू दे' म्हणून चालू. तिसऱ्या दिवशीही ताप होताच आणि क्रिएटिनीन (किडनीच्या कामाचा आकडा) ०.९ वरून १.८ वर गेलं. तेव्हा रेसिडेंटचा फोन आला, "मॅडम, तो नो ग्रोथ फायनल धरायचा का? पेशंट अजून तापतोय आणि लघवी कमी झालीये."

मी विचारलं, "अरे, पाठवलं किती होतंस?"

"दोन मिली असेल मॅडम."

त्या दोन मिलीचं गणित

एसबीपीमध्ये पाण्यात जंतूंची संख्या फार म्हणजे फारच कमी असते, मिलिलिटरला एखादा जंतू इतकी कमी. लघवीच्या इन्फेक्शनमध्ये आपण मिलीला लाखभर जंतू मोजतो, इथे एक. ग्रॅम स्टेनमध्ये जंतू दिसायला मिलीला साधारण दहा हजार तरी लागतात, म्हणून एसबीपीत ग्रॅम स्टेन बहुतेक वेळा कोराच येतो आणि तो कोरा आला यावरून काही ठरवता येत नाही. आता अर्धा मिली आम्ही तीन प्लेटवर आणि एका ब्रॉथमध्ये वाटला, त्या अर्ध्या मिलीत एखादा जंतू असेल किंवा नसेलही, असला तर तो तळाच्या गाठीत अडकलेला. विहिरीतून तांब्याभर पाणी काढायचं, त्यात मासा आला नाही म्हणून विहिरीत मासे नाहीत म्हणायचं, तसा तो 'नो ग्रोथ' होता. रिपोर्ट खोटा नव्हता, त्या अर्ध्या मिलीपुरता खराच होता.

सेल काउंटचंही तेच. पोटातल्या पाण्यात फायब्रिनोजेन असतं, इन्फेक्शन असलं की जास्तच, त्यामुळे प्लेन बल्बमध्ये पाणी गोठतं आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्या गाठीत अडकून बसतात. वरचं पाणी मोजलं की आकडा खोटा कमी येतो. शिवाय न्यूट्रोफिल नाजूक असतात, शरीराबाहेर आल्यावर तासातासाने फुटत जातात. म्हणून सेल काउंट जांभळ्या बुचाच्या ईडीटीए (गोठू न देणारं औषध) बल्बमध्ये आणि लगेच. एसबीपीचं निदान मुळात या काउंटवर होतं, न्यूट्रोफिल २५० किंवा जास्त असले की कल्चरची वाट न बघता ट्रीटमेंट सुरू करायची, म्हणून हा एक बल्ब चुकला की बाकी सगळं चुकत जातं.

वॉर्डात नंतर सगळ्यांचं म्हणणं पडलं की फ्रिजमुळे घोटाळा झाला. मला ते पटत नाही. फ्रिजमध्ये ठेवायला नको होतं हे खरंच, पण ई. कोलाय रात्रभर चार डिग्रीला राहिला म्हणून मरत नाही, लघवीचं सॅम्पल आपण फ्रिजमध्येच ठेवतो की. पहिल्या डोसवरही सगळं ढकलता येत नाही, कारण पुढे निघालेला जंतू सेफ्ट्रिॲक्सोनला दाद देणारा नव्हताच. एखादा साधा सेन्सिटिव्ह जंतू असता तर मात्र तेवढा एक डोससुद्धा कल्चर पुसून टाकायला पुरला असता, त्यामुळे टॅप आधी आणि इंजेक्शन मग हा क्रम सोडायचा नाही. पण या केसमध्ये नडलं ते दोन गोष्टींनी, पाणी कमी आणि बल्ब चुकीचा.

फ्रिजचा विषय निघालाच आहे तर, सीएसएफच्या, म्हणजे पाठीतून काढतात त्या मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याच्या, बाबतीत मात्र फ्रिज खरोखर घात करतो. मेनिंजायटिसचे (मेंदूच्या आवरणाच्या इन्फेक्शनचे) जंतू, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस, थंडीला टिकत नाहीत, न्यूमोकोकस तर नुसता वेळ गेला तरी आपोआप विरघळायला लागतो. पाठीतलं पाणी काढलं की रूम टेंपरेचरला, हातोहात, रात्री दोन वाजता असलं तरी लॅबला. त्यातला व्हायरल पीसीआरसाठीचा वेगळा भाग फ्रिजमध्ये चालतो, कल्चरचा नाही. आणि तीन बल्ब असतील तर पहिला बायोकेमिस्ट्रीला, दुसरा मायक्रोबायॉलॉजीला, तिसरा सेल काउंटला, कारण सुई जाताना आलेलं थोडं रक्त आणि त्वचेवरचं काही असेल तर ते पहिल्यात जातं. एकच बल्ब असेल तर तो आधी आमच्याकडे द्या, निर्जंतुक आहे तोवर आम्ही काढून घेतो, मग बाकीच्यांकडे फिरू दे.

दुसरा टॅप

फोन ठेवून मी वॉर्डात गेले, जाताना दोन ब्लड कल्चरच्या बाटल्या घेऊन, एक एरोबिक (हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी), एक ॲनेरोबिक (हवेशिवाय वाढणाऱ्यांसाठी). या बाटल्या वॉर्डात नसतात असं नाही, पण महाग म्हणून स्टोअरच्या कपाटात आणि रात्री कपाटाला कुलूप.

पेशंटला थोडं डाव्या कुशीकडे कलतं झोपवलं. रेसिडेंटने कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून दोन बोटं वर आणि दोन बोटं आत, डावीकडची जागा ठरवली, तिथे जुना व्रण नाही, फुगलेली शीर नाही हे बघितलं, बोटाने वाजवून ठप्प आवाज येतोय ना तेही. त्वचा क्लोरहेक्सिडिन-स्पिरिटने घासून पुसली आणि मग थांबलो. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे, कारण औषध लावल्या क्षणी नाही, तर वाळेपर्यंतच्या वेळात काम करतं, आणि बहुतेक ठिकाणी लावल्या लावल्या सुई जाते. पुसल्यावर त्या जागेला परत बोट लावायचं नाही, लावायचंच असेल तर निर्जंतुक ग्लोव्ह. आम्ही थांबलो त्या वेळात सिस्टरनी बाटल्यांची प्लास्टिकची टोपणं उडवली आणि खालचं रबर स्पिरिटने पुसून वाळायला ठेवलं. टोपणाखालचं रबर निर्जंतुक असतं असा खूप जणांचा समज आहे, ते नसतं. रबर आयोडिनने पुसायचं नाही, स्पिरिटच.

५० मिलीची सिरिंज लावून पाणी ओढलं, फिकट पिवळं आणि किंचित गढूळ. त्वचेतून गेलेली सुई काढून शार्प्सच्या डब्यात टाकली, सिरिंजला नवी लावली आणि बाटल्या टेबलावर उभ्या ठेवून, एका हाताने, सुई वरून रबरात घालून प्रत्येकीत १० मिली. बाटलीत व्हॅक्यूम असतो, सोडून दिलं तर ती हवं तेवढं ओढत राहते, म्हणून आधी बाटलीवर पेनने १० मिलीची रेघ मारून ठेवली होती.

मग जांभळा बल्ब, मग बाकीचे. हा क्रम उलटा केला तर सुईला लागलेलं ईडीटीए बाटलीत जाऊ शकतं आणि बल्बाच्या बुचावरचे जंतूही. ईडीटीएमध्ये घेतलेलं पाणी कल्चरला चालत नाही, ते काही जंतूंना मारक असतं. राखाडी बल्बमध्ये ग्लुकोजसाठी, लालमध्ये प्रोटीन, अल्ब्युमिन, एलडीएच. उरलेलं वीसेक मिली निर्जंतुक स्क्रू कॅपच्या डब्यात, टीबीसाठी. आपल्याकडे पोटातलं पाणी म्हटलं की टीबी डोक्यातून काढता येत नाही, आणि सगळं पाणी बाटल्यांमध्ये घातलं तर सीबीनॅट (टीबीची जनुकीय तपासणी) आणि टीबी कल्चरला काहीच उरत नाही, ती तपासणी ब्लड कल्चरच्या बाटलीतून होत नाही. टीबीला पाणी जितकं जास्त तितकं चांगलं. फॉर्मॅलिनचा डबा मात्र चुकूनही नको, तो बायोप्सीसाठी असतो, त्यात गेलेल्या सॅम्पलचं कल्चर होत नाही.

लेबलं तिथेच खाटेजवळ लागली, नाव, इनडोअर नंबर, तारीख, वेळ, कुठलं पाणी. बाटलीच्या स्वतःच्या बारकोडवर लेबल चिकटवायचं नाही, मशीन तो वाचतं. फॉर्मवर 'फ्लुइड' एवढंच न लिहिता ॲसायटिक फ्लुइड, सिऱ्हॉसिस, एसबीपीची शंका, सेफ्ट्रिॲक्सोन तिसरा दिवस असं लिहिलं. हे वाचूनच आम्ही काय लावायचं, किती दिवस ठेवायचं आणि कुठल्या वाढीला कंटॅमिनेशन (बाहेरून शिरलेला जंतू) म्हणायचं ते ठरवतो. त्याच वेळी हातातून ब्लड कल्चरही घेतलं, कारण अशा पेशंटमध्ये जंतू बऱ्याचदा रक्तातही सापडतो.

बाटलीत हे का जमतं, तर तिथे १० मिली पाणी एकदम चांगल्या ब्रॉथमध्ये जातं, एक जंतू असला तरी त्याला वाढायला जागा मिळते, पाण्यातल्या मारक गोष्टी पातळ होतात आणि बऱ्याच बाटल्यांमध्ये रेझिन असतं ते अँटिबायोटिक शोषून घेतं. ही पद्धत काही नवी नाहीये. १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतले लिव्हरचे डॉक्टर ब्रूस रनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की न्यूट्रोफिल वाढलेल्या पाण्यात जुन्या पद्धतीने सुमारे निम्म्या वेळाच जंतू सापडतो आणि खाटेजवळच बाटलीत टाकलं तर ८० टक्क्यांच्या आसपास. खाटेजवळ हा शब्द महत्त्वाचा, लॅबला नेऊन मग बाटलीत टाकलं तर तेवढा फायदा मिळत नाही.

पुढे काय झालं

काउंट तासाभरात आला, एकूण पेशी २४००, त्यात ८५ टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे २०४०. तीन दिवस सेफ्ट्रिॲक्सोन जाऊन हा आकडा! ग्लुकोज ९६, प्रोटीन ०.९, एलडीएच वाढलेलं नाही, त्यामुळे आतडं फुटून झालेला पेरिटोनायटिस असण्याची शक्यता कमी, तरी सर्जनना दाखवून ठेवलं. त्याच संध्याकाळी सेफ्ट्रिॲक्सोन बंद करून मेरोपेनेम हे जास्त तगडं अँटिबायोटिक सुरू झालं आणि शिरेतून अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन). अल्ब्युमिन पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी किलोमागे एक ग्रॅम, ६० किलोच्या माणसाला पहिल्याच दिवशी ९० ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या साडेचार बाटल्या. खर्च ऐकून नातेवाईक हादरले होते, पण १९९९ मध्ये स्पेनमधल्या अभ्यासात नुसत्या अँटिबायोटिकवर ३३ टक्के पेशंटची किडनी बिघडली होती आणि अल्ब्युमिन दिलेल्यांत १० टक्के, आणि या पेशंटचं क्रिएटिनीन तर आधीच दुप्पट झालं होतं. समाजसेवा अधीक्षकांनी धावपळ करून योजनेतून सोय करून दिली.

बाटल्या दुपारी चारला मशीनमध्ये गेल्या होत्या, पहाटे पाचच्या सुमाराला एरोबिक फ्लॅग झाली, म्हणजे मशीनने वाढ दाखवली, आणि थोड्या वेळाने ॲनेरोबिकही. ग्रॅम स्टेनमध्ये गुलाबी आखूड काड्या, ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय, एकाच प्रकारच्या. टेक्निशियनने तिथूनच वॉर्डला फोन केला, रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी मॅककॉन्कीवर गर्द गुलाबी कॉलनी, ई. कोलाय. सेन्सिटिव्हिटीच्या प्लेटवर सेफोटॅक्सिमच्या डिस्कभोवती जंतू अगदी डिस्कला टेकून वाढलेला आणि शेजारी त्याच औषधात क्लॅव्युलॅनिक ॲसिड घातलेल्या डिस्कभोवती स्वच्छ गोल. दोन्हींत पाच मिलिमीटर किंवा जास्त फरक पडला की ईएसबीएल, म्हणजे अशी औषधं तोडणारं एन्झाइम बनवणारा जंतू, म्हणायचं, इथे फरक त्याहून कितीतरी मोठा होता. म्हणजे तीन दिवस जे इंजेक्शन चाललं होतं ते या जंतूवर चालणारच नव्हतं. मेरोपेनेम सेन्सिटिव्ह, सिप्रोफ्लॉक्सॅसिन रेझिस्टंट, कोट्रायमॉक्साझोल सेन्सिटिव्ह. रक्ताच्या बाटलीतही तोच निघाला, त्यामुळे कंटॅमिनेशनचा प्रश्नच उरला नाही. समजा एकाच बाटलीत उशिरा स्टॅफ एपिडर्मिडिस किंवा डिप्थेरॉइड निघाला असता तर वाळायला न थांबता घातलेली सुई आधी आठवली असती, आणि त्वचेवरच्या अशा जंतूच्या मागे लागून महागडी औषधं दिली गेलेले पेशंटही मी बघितलेत, म्हणून स्पिरिट वाळेपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटावर मी एवढी अडून बसते.

४८ तासांनी परत टॅप, न्यूट्रोफिल २०४० वरून ३१०. निदान २५ टक्क्यांनी तरी उतरावेत अशी अपेक्षा असते, हे त्यापेक्षा खूपच उतरले होते. ताप गेला, बायकोला नावाने हाक मारायला लागला, क्रिएटिनीन हळूहळू १.१ वर आलं.

त्या वॉर्डात आता टॅपचा एक ट्रे तयार असतो. त्यात दोन बाटल्या, जांभळा, राखाडी आणि लाल बल्ब, निर्जंतुक डबा आणि सिरिंज, आणि ट्रे रात्रीच्या सिस्टरच्या ताब्यात, स्टोअरच्या कुलपात नाही. बाटली संपली तर सकाळी आमच्याकडून बदलून नेतात. आमच्या बाजूनेही एक बदल केला. पोटातलं, पाठीतलं, छातीतलं, सांध्यातलं पाणी कमी आलं, चुकीच्या बल्बमध्ये आलं तर ते परत पाठवत नाही, कारण लघवी परत मागता येते पण पाठीत परत सुई घालणं सोपं नसतं. जे आलंय ते लावतो, पण रिमार्कच्या ओळीवर न विसंबता वॉर्डला फोन करतो आणि कोणाशी बोललो ते रजिस्टरला लिहितो.

डिस्चार्जच्या वेळी परत एकदा हे कल्चर कामाला आलं. एसबीपी एकदा झाला की परत व्हायची शक्यता खूप, म्हणून रोज एक गोळी चालू ठेवावी लागते आणि नेहमीची निवड नॉरफ्लॉक्सॅसिन. जंतू सिप्रोलाच रेझिस्टंट असल्यामुळे त्या गोळीचा उपयोग नव्हता, म्हणून कोट्रायमॉक्साझोल लिहिलं, पोटॅशियम आणि क्रिएटिनीन आठवड्याने बघायच्या अटीवर. लिव्हर ट्रान्सप्लांटच्या सेंटरला दाखवायची चिठ्ठी दिली. कार्डावर रेसिडेंटने मोठ्या अक्षरात ईएसबीएल ई. कोलाय, तारीख आणि सेन्सिटिव्हिटी लिहून दिली, बायकोला ती वाचून दाखवली आणि सांगितलं की काकू, परत ताप आला किंवा बोलणं बदललं तर जिथे जाल तिथे हे कार्ड आधी दाखवा, आणि इंजेक्शन द्यायच्या आधी पोटातलं पाणी तपासायला सांगा.